उशिरा हाती आलेली लेखणी

स्मरणिकेसाठी लेख मागायला सभासद भगिनींकडे गेले की दहांपैकी आठ घरी एकच उत्तर मिळते. "अहो, या वयात आता काय लिहायचं? ते तरुणपणी व्हायचं ते झालं." मग चहा येतो, चिवडा येतो आणि तासभर अशा काही गोष्टी ऐकायला मिळतात की त्यांतून दोन लेख सहज व्हावेत. लेख मात्र हाती येत नाही. गेली तीन वर्षे हा अनुभव घेतल्यावर मनात आले, की आपण मंडळापुढे एकदा या प्रश्नाचाच इतिहास मांडावा. आपल्या मराठीत उशिरा लेखणी हाती घेतलेल्या स्त्रिया कोण होत्या, त्यांना उशीर का झाला आणि एवढ्या उशिरा लिहून त्यांनी काय साधले, हे पाहावे.

मी काही इतिहासाची पंडित नाही. साठी उलटेपर्यंत माझे लिखाण म्हणजे दुधाचा हिशेब, वाण्याची यादी आणि सणावाराची पत्रे. मंडळाने इतिवृत्ताची वही माझ्या हाती दिली, तेव्हापासून सलग चार ओळी लिहिण्याची सवय लागली. पुढे वाचनालयातून जुनी आत्मचरित्रे आणून वाचू लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. मराठी स्त्रियांची जी आत्मचरित्रे आज आपण कौतुकाने वाचतो, त्यांतली कितीतरी पन्नाशीच्या आसपास किंवा त्याही पुढे लिहिलेली आहेत. ती लिहिणाऱ्या बायकांना आपण लेखिका होणार असे आयुष्याचा बराच काळ ठाऊकही नव्हते.

प्रथम उशीर का झाला ते पाहू. ज्या काळात या स्त्रिया वाढल्या त्या काळात अक्षरच मुळी उशिरा हाती येई. १९०१ च्या जनगणनेत आपल्या देशात लिहितावाचता येणाऱ्या स्त्रिया शंभरात एकही पुरी भरत नव्हती. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न, मग सासर, मग मुलेबाळे. अक्षर शिकलीच तर ते लग्नानंतर, नवऱ्याच्या हौसेने, आणि तेही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे खात. म्हणजे या बायका लिहायला उशिरा बसल्या याचे पहिले कारण एवढेच, की त्यांना पाटीच उशिरा मिळाली.

श्रीमती रमाबाई रानडे यांचेच पाहा. १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्याशी लग्न झाले. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना मराठी शिकवले, पुढे इंग्रजीही शिकवले. दिवसा घरचे काम आणि रात्री धडा असा त्यांचा क्रम होता. घरातल्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हते आणि त्याचे चटके रमाबाईंना रोज सोसावे लागत. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१० साली, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक निघाले. त्याला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रस्तावना लिहिली. रमाबाईंचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते. त्याच सुमारास, १९०९ साली, पुण्याच्या सेवासदनाचे काम त्यांनी सुरू केले होते. म्हणजे फावल्या वेळात बसून लिहिलेले हे पुस्तक नव्हे, हेही आपण ध्यानात घ्यावे.

या पुस्तकाच्या नावाकडे मी पुन:पुन्हा पाहते. 'माझ्या आयुष्यातील' असे त्यात नाही, 'आमच्या' असे आहे. त्या काळी एखाद्या कुलीन बाईने नुसते 'माझे आयुष्य' म्हणून पुढे यावे हे कोणाला पटले नसते, आणि बहुधा तिला स्वत:लाही नाही. पतीच्या आठवणी सांगायच्या या निमित्ताने ती लिहू लागते. पण लिहिता लिहिता होते काय? न्यायमूर्तींची भाषणे, निबंध, सभा यांची माहिती तर दुसऱ्या पुस्तकांतूनही मिळते. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये कसे युद्ध चालले होते, नव्या मताचा नवरा आणि जुन्या मताचे घर यांच्यात सापडलेली पोरसवदा सून कशी वावरत होती, हे रमाबाईंनी लिहिले नसते तर कोणालाही कळले नसते. सुधारणेचा इतिहास सभेच्या मंडपात घडतो तसा माजघरातही घडतो. त्या माजघराचा वृत्तांत लिहिणारी बाईच असावी लागते, आणि ती थोडी पोक्त झाल्यावरच तिला ते धैर्य येते.

आता श्रीमती लक्ष्मीबाई टिळक. १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे त्यांचा जन्म झाला. माहेरच्या त्या गोखले. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे असे वेड लागलेले, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. लग्न अकराव्या वर्षाच्या सुमारास झाले. पती कवी नारायण वामन टिळक हे बुद्धिमान, मनाचे उदार, पण लहरी. आज घरात तर उद्या कोठे याचा नेम नसे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तो स्वीकारण्यापूर्वी पत्नीला त्याची कल्पनाही दिली नाही. लक्ष्मीबाईंनी पुढची पाच वर्षे नातेवाइकांच्या आधाराने, लहान मुलाला घेऊन, वेगळी काढली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, आणि हा निर्णय त्यांनी स्वत:च्या मनाशी झगडून, स्वत:च्या विचाराने घेतला.

१९१९ साली टिळक गेले. मागे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य अपुरे राहिले होते. टिळकांनी त्याचे थोडे अध्याय रचले होते. बाकीचे बहुतेक सारे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी रचून पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने हे करावे हीच मोठी गोष्ट. पण ज्या पुस्तकामुळे त्यांचे नाव घरोघर झाले ते 'स्मृतिचित्रे' त्याहूनही उशिराचे. टिळकांच्या आठवणी लिहून काढ, असा चिरंजीव देवदत्त यांचा आग्रह होता. पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. पुढचे भाग लागोपाठ आले. १९३६ साली त्या वारल्या आणि शेवटचा भाग मुलाने पुरा केला. पासष्टीनंतरची ती दीड-दोन वर्षे त्यांनी लिहिण्यात घालवली नसती, तर मराठी गद्याचा एक अलंकार आपल्याला मिळालाच नसता!

'स्मृतिचित्रे' वाचताना मला जे सर्वांत मोठे वाटते ते त्यातले हसू. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला दिली, संसाराची घडी दहा वेळा मोडली. हे सारे ज्या दिवशी घडले त्या दिवशी लिहिले असते तर ते रडगाणे झाले असते. पासष्टीला लिहिले म्हणून त्यातला राग गळून गेला आणि माणसे तेवढी उरली. टिळकांचा दोष त्या झाकत नाहीत, आणि त्यांच्यावरची मायाही लपवत नाहीत. स्वत:लाही त्या सोडत नाहीत. अशी नजर पंचविशीत क्वचितच येते. उशिरा लिहिण्याचा काही लाभ असेल तर तो हा आहे.

यानंतर दोन सख्ख्या बहिणींची गोष्ट सांगते. माहेरच्या या जोशी, कोकणातल्या देवरुखच्या. दोघींनाही लहान वयात वैधव्य आले. थोरली गोदूबाई. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा ती तेथे शिकायला आली. तेथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी ती एक. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. सारे तिला बाया म्हणत. धाकटी पार्वतीबाई आठवले. वयाच्या विसाव्या वर्षी पती गेले, पदरी एक मुलगा. बहिणीच्या आणि मेहुण्यांच्या आधाराने ती पुण्यास आली आणि विशी कधीच उलटून गेली असताना मुळापासून शिकू लागली. कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी, म्हणजे पुढच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी, गावोगाव वर्गणी मागत हिंडण्याचे काम तिने पत्करले. विधवेच्या केशवपनाची चाल तिने स्वत:पुरती मोडली. १९१८ साली तर ती इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला मदत मिळवण्यासाठी एकटी अमेरिकेस गेली. तेथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केले आणि १९२० साली परत आली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची, इंग्रजी धड न येणारी, देवरुखची विधवा! आज आपल्याला मुलाकडे परदेशी जायचे म्हटले तरी महिनाभर काळजी लागते.

पार्वतीबाईंनी 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध केली. वय अठ्ठावन्न. बायांचे 'माझे पुराण' १९४४ साली निघाले. त्या तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. १९१० सालच्या पुस्तकात 'आमच्या' होते, ते आता 'माझी' आणि 'माझे' झाले. अठरा वर्षांत आणि चौतीस वर्षांत झालेला हा एका शब्दाचा बदल मला लहान वाटत नाही. आणि शब्द निवडले तेही पाहा. कहाणी आणि पुराण! व्रताच्या दिवशी आपण ऐकतो ती कहाणी, देवळात ऐकतो ते पुराण. आत्मचरित्र हा भारदस्त शब्द त्यांनी घेतला नाही. बायकांच्या ओळखीचे, घरातले शब्द घेतले आणि त्यांच्यामागे 'माझे' हा शब्द ठेवला. श्रावणात सोमवारची कहाणी असते, शुक्रवारची कहाणी असते, तशी ही माझी.

आनंदीबाईंच्या पुस्तकातून अण्णासाहेब कर्व्यांच्या मोठेपणाची दुसरी बाजू दिसते. अण्णासाहेब संस्थेसाठी सर्वस्व द्यायला निघालेले. महिला विद्यापीठ १९१६ साली उभे राहिले, १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, हे सारे आपण शाळेत शिकलो. पण घरची पुंजी संस्थेला गेल्यावर चार मुलांच्या पोटाला काय घालायचे, हा प्रश्न कोणाचा? तो बायांचा. देणाऱ्याचे नाव इतिहासात येते. त्या देण्याची तोशीस ज्या घराने सोसली त्या घराचा हिशेब बाईने लिहिला तरच येतो. बायांनी तो लिहिला, आणि त्यात त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही.

येथवर ज्यांची नावे घेतली त्या साऱ्या जणी ब्राह्मण घरांत वाढलेल्या, आणि बहुतेकींच्या मागे कोणीतरी नामांकित पुरुष होता. नवरा, मेहुणा किंवा मुलगा विचारणारा होता, छापण्याची सोय पाहणारा होता. ज्यांच्यामागे असे कोणी नव्हते त्यांचे काय? तो इतिहास सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरच येत नव्हते. १८८० साली असोद्याला जन्म, शेतकऱ्याचे घर, तरुणपणी वैधव्य. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या आपल्या लेवा बोलीत ओव्या रचून गात. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वत: कवी होते. त्यांनी आणि घरातल्या दुसऱ्या एका नातेवाइकाने त्यातले जे कानी पडले ते वहीत उतरवून घेतले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. ते स्वत:च्या नावाने छापलेले पाहणे बहिणाबाईंच्या नशिबी नव्हते. विचार करा, ती वही भरली नसती तर? आणि ज्यांच्या घरी कोणी वही भरली नाही अशा किती बहिणाबाई आपल्या गावांतून निघून गेल्या असतील? जे उतरवले गेले नाही ते किती मोलाचे होते, हे सांगायला आज कोणीही नाही. म्हणूनच त्या हानीची मोजदाद होत नाही.

पुढे स्वातंत्र्य आले, मुलींच्या शाळा वाढल्या, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते तेथे ते नेले. त्या पिढीतल्या दोन भगिनींची पुस्तके १९८६ साली निघाली. शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ सालचा, महूद या सोलापूर जिल्ह्यातल्या गावचा. त्यांनी शिक्षिकेची नोकरी केली आणि १९८१ साली त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी आपली कथा लिहायला घेतली. १९८३ साली ती 'पूर्वा' मासिकातून आली आणि तीन वर्षांनी पुस्तक झाले, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. पुढे १९९० साली दूरदर्शनने त्यावरून 'नाजुका' ही मालिका केली. त्या साठाव्या वर्षी लिहू लागल्या, आणि शंभरीच्या उंबरठ्यावर, २०२३ साली गेल्या. म्हणजे लेखिका म्हणून त्यांना चाळीस वर्षे मिळाली! साठी म्हणजे आता आवराआवर, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

त्यांच्या पुस्तकाचे नाव शाळेतल्या भाषेत 'माझ्या जन्माची' असे झाले असते. शांताबाई स्वत: शिक्षिका होत्या. मुलांच्या वह्यांवर शुद्ध-अशुद्धाच्या खुणा करण्यात त्यांचा जन्म गेला. तरीही नावात 'माज्या जल्माची' असेच ठेवले, कारण तो जन्म त्याच भाषेत जगलेला होता. "माझं शुद्धलेखन कच्चं आहे" म्हणून लेख द्यायला संकोचणाऱ्या आपल्या भगिनींनी याचा विचार करावा. ऱ्हस्वदीर्घ सुधारून द्यायला मंडळात दोन निवृत्त शिक्षिका आहेत. न सांगितलेली गोष्ट मात्र कोणालाच सुधारून देता येत नाही.

दुसऱ्या भगिनी बेबीताई कांबळे. जन्म १९२९, पुरंदर तालुक्यातले वीरगाव हे आजोळ, पुढचे सारे आयुष्य फलटणला. त्यांचे किराणामालाचे छोटे दुकान होते. माल बांधायला जी रद्दी येई ती त्या दुकानात बसल्या बसल्या वाचत. वाचनाची गोडी अशी लागली. मग तेथेच गिऱ्हाईक नसताना त्या लिहू लागल्या. घरात कळले तर चालणार नाही म्हणून वह्या कोणाचा हात जाणार नाही अशा कोपऱ्यात लपवून ठेवीत. अशी वीस वर्षे गेली. फलटणला राहून अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या विदुषींना त्या लिखाणाचा सुगावा लागला. त्यांनी उत्तेजन दिले, 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमाने आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. बेबीताई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

येथे तो शब्द पुन्हा आला, 'आमुचं'. पण रमाबाईंच्या 'आमच्या' आणि बेबीताईंच्या 'आमुचं' यांत शहात्तर वर्षांचे अंतर आहे. रमाबाईंचा 'आम्ही' म्हणजे ती आणि तिचे पती. बेबीताईंचा 'आम्ही' म्हणजे सारा महारवाडा, त्यातली उपाशी बाळंतीण, सासुरवाशीण पोर, आणि बाबासाहेबांचे शब्द ऐकून ताठ उभी राहिलेली बाई. त्यात गावाने केलेला अन्याय आहे, तसा घरातल्या पुरुषाने बाईवर केलेला अन्यायही आहे. तो लिहिण्याचे धैर्य वीस वर्षे वह्यांत दडून राहिले होते. बाईला स्वत:पुरते बोलायची मुभा मिळवायला एक पिढी गेली, आणि मग ती सगळ्यांसाठी बोलू लागली. मराठी स्त्रीच्या लेखनाचा इतिहास मला या पुस्तकांच्या नावांत असा दिसतो.

आता या साऱ्यांत समान काय ते पाहू. पहिली गोष्ट, यांतल्या बहुतेकींना लेखिका व्हायचे म्हणून लेखणी हाती आली नाही. कोणाला गेलेल्या माणसाची आठवण राखायची होती, कोणाला संस्थेचे काम लोकांपुढे मांडायचे होते, कोणाला आपण जे पाहिले ते पुढच्या पोरींना सांगायचे होते. दुसरी गोष्ट, बहुतेक जणींच्या बाबतीत कोणीतरी विचारणारे भेटले. मुलाने आग्रह केला, मासिकाने जागा दिली, परक्या बाईने वही मागून वाचली. बाई उशिरा लिहिते याचे एक कारण तिला कोणी उशिरा विचारते, हेही आहे. आणि तिसरी गोष्ट, त्यांनी लिहिले ते दुसऱ्या कोणालाच लिहिता आले नसते. रानड्यांचे चरित्र दहा जण लिहितील. रानड्यांच्या घरातली सून एकच होती.

कोणी म्हणेल, म्हातारपणची आठवण ती, तिचा भरवसा काय? हा आक्षेप खोटा नाही. सन चुकतो, नावे मागेपुढे होतात, झालेल्या गोष्टीला पुढे कळलेल्या गोष्टीचा रंग चढतो. त्यावर उपाय आहे. सन ताडून पाहावा, दुसरीला विचारावे, ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे सांगावे. पण चूक होईल म्हणून लिहूच नये, हे म्हणजे ताक सांडेल म्हणून विरजणच न लावण्यासारखे झाले.

आणि आपण एवढ्या साध्यासुध्या, आपल्यापाशी सांगण्यासारखे काय, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे. आपल्या मंडळात १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी पुण्यात शिरले तेव्हा लहान भावंडाला काखेत घेऊन गच्चीवर चढलेल्या एक काकू आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप ज्यांनी अंगणात उभे राहून अनुभवला त्या आजी आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी धाकट्यांसाठी आणणाऱ्या एक ताई आहेत. त्याच सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत पोळ्या अर्ध्यावर टाकून गेलेल्या एक वहिनी आपल्यात आहेत. पुस्तकात पानशेतच्या पुराची तारीख मिळते. त्या रात्री पोरांना काय खाऊ घातले, ओली अंथरुणे कोठे वाळवली, शेजारणीने कोणाला घरात घेतले आणि कोणाला घेतले नाही, हे त्या काकूंनाच माहीत आहे.

गेल्या दोन वर्षांत आपल्या संस्थापक सभासदांपैकी तिघी गेल्या. मंडळाची पहिली बैठक कोणाच्या ओसरीवर भरली, पहिली वर्गणी किती होती, सतरंजी कोणी दिली, सुरुवातीला कोणत्या घरचा विरोध होता आणि तो कसा मावळला, हे त्यांना ठाऊक होते. इतिवृत्ताच्या पहिल्या वहीत ठराव आहेत, सह्या आहेत. बाकी काही नाही. हे लिहून ठेवू, ते लिहून ठेवू, असे आपण दरवर्षी म्हणत राहिलो. आता पहिल्या बैठकीला हजर असलेल्या एकच आजी उरल्या आहेत. त्यांचे वय एक्क्याण्णव आहे, त्यांना कमी ऐकू येते, पण बोलायला बसल्या की त्यांचा शब्द स्पष्ट असतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि ती सर्वानुमते मान्य झाली, हे सांगायला आनंद वाटतो. मंडळाच्या कपाटात दोनशे पानांची एक कोरी वही ठेवली आहे. ती एकेका सभासदाच्या घरी पंधरा दिवस राहील. तिने त्यात आपल्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट लिहावी, मग ती चार ओळींची असो वा चार पानांची. ज्यांना हात थरथरतो म्हणून लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे, लेकीने, सुनेने, नातीने उतरवून घ्यावे. सोपानदेवांनी आईसाठी जे केले ते कोणत्याही घरात करता येते, त्यासाठी कवी असावे लागत नाही. नातीने भ्रमणध्वनीवर आवाज धरून ठेवला तरी चालेल, कागदावर आपण मागाहून उतरवू. जिला आपल्या घरच्यांनी वाचू नये असे वाटते तिने पान दुमडून चिकटवावे. ते तिच्या परवानगीशिवाय कोणी उघडणार नाही, एवढे वचन मी चिटणीस या नात्याने देते.

वहीचे पहिले पंधरा दिवस त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आजींकडे जातील. सोमवार आणि गुरुवार दुपारी चार वाजता मी त्यांच्याकडे लिहून घ्यायला बसणार आहे. बरोबर येण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी आदल्या दिवशी कळवावे. दोघींहून अधिक नकोत, आजींना गर्दीत सुचत नाही.